मुंग्या गेल्या, कडेलोट आला

उत्तर इंग्लंडमध्ये वाट चुकलात तर नकाशा राहू द्या, घरांच्या छपरांकडे बघा. लीड्समध्ये बहुतेक अँटेना दक्षिणेकडे तोंड करून असतात, वेकफील्डमध्ये पश्चिमेकडे आणि हडर्सफील्डमध्ये पूर्वेकडे. सगळ्यांची नजर एकाच जागी लागलेली असते. ती जागा म्हणजे एम्ली मूर नावाच्या माळावरचा टीव्हीचा टॉवर. अँटेनाच्या काड्या आडव्या असतील तर ते घर बहुधा मुख्य टॉवरवर आहे, उभ्या असतील तर जवळपासच्या एखाद्या छोट्या रिले केंद्रावर. टोकाला प्लास्टिकचं रंगीत बूच दिसलं तर आणखी माहिती मिळते. लाल, पिवळं, हिरवं, करडं, काळं असे हे रंग असतात आणि अँटेना यूएचएफ पट्ट्याचा कोणता भाग पकडते ते त्यावरून कळतं. छपराखाली कोण राहतं ते सोडून बाकी बरंच काही छपरावर लिहिलेलं असतं म्हणायचं.

ब्रिटनमध्ये केबल आहे, डिश आहे, इंटरनेटवरचे चॅनेल तर आहेतच. तरीही लाखो घरांत टीव्ही अजून हवेतून, टेकडीवरच्या टॉवरवरून येतो. त्यासाठी महिन्याचं पॅक भरावं लागत नाही, वर्षाचा परवाना मात्र काढावा लागतो. हा टीव्ही पूर्ण डिजिटल आहे. पण हे शून्य-एक बर्फाला घाबरतात, झाडाच्या पानांत अडखळतात आणि उंच इमारतीच्या सावलीत हरवतात.

संध्याकाळचे पाच वाजून एक मिनिट

एम्ली मूरवर 1956 साली आयटीव्हीसाठी 135 मीटरचा लोखंडी जाळीचा टॉवर उभा राहिला. तो कमी पडला, म्हणून दहा वर्षांनी त्याच्या जागी 385 मीटरचा खांब आला. हा खांब म्हणजे पोलादाची उभी नळी, चहूबाजूंनी ताणतारांनी धरलेली. तेव्हा तो जगातल्या सर्वात उंच बांधकामांपैकी एक होता. 19 मार्च 1969 रोजी, संध्याकाळी 5 वाजून 1 मिनिटाने, तो सबंध कोसळला. तारांवर आणि खांबावर बर्फाचे जाड थर चढले होते आणि मंद वाऱ्याने खांब थरथरत होता. वादळ नव्हतं, वारा मंदच होता, हे लक्षात घ्या. मंद आणि एकसारख्या वाऱ्यात गोल नळीच्या दोन्ही अंगांनी आळीपाळीने भोवरे सुटतात आणि खांब त्या तालावर डोलू लागतो. एक ताणतार खाली येताना जवळच्या प्रार्थनामंदिराचं छप्पर चिरून गेली. माणूस मात्र एकही जखमी झाला नाही.

यॉर्कशरमधल्या लाखो घरांतून आयटीव्ही गेला. चारच दिवसांत तात्पुरता खांब उभारून प्रक्षेपण पुन्हा सुरू केलं गेलं. सरकारी कामाचा वेग मोजायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. त्याच घराण्यातले दोन खांब, बेलमाँट आणि विंटर हिल इथले, तोवर उभेच होते. त्यांचं काय करायचं? इंजिनिअरांनी त्यांच्या पोकळ पोटात जड पोलादी साखळ्या लोंबत्या सोडल्या. खांब डोलू लागला की साखळ्या आतून आपटतात आणि डोलण्याचा जोर त्यात जिरून जातो.

एम्ली मूरवर मात्र पुन्हा तारांचा खांब नको, असं ठरलं. 1971 पासून तिथे काँक्रीटचा निमुळता टॉवर काम करू लागला. तो बांधला तेव्हा वरच्या जाळीसह त्याची उंची 330 मीटर होती, लंडनच्या ‘द शार्ड’पेक्षा वीस मीटर जास्त. वरच्या खोलीपर्यंत जायला लिफ्टला सुमारे सात मिनिटं लागतात. 2002 साली या टॉवरला संरक्षित वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. टीव्हीच्या टॉवरला वारसा मानायचं की नाही यावर वाद घालता येईल. पण ज्याच्या जोरावर दोन-तीन पिढ्यांनी संध्याकाळी घरी बसून बातम्या आणि मालिका पाहिल्या, त्याला हा मान मिळाला तर वावगं काय?

याच टॉवरवरचे अॅनालॉग प्रक्षेपक एकेका चॅनेलसाठी 870 किलोवॉट एवढ्या प्रभावी शक्तीने लहरी सोडत. डिजिटलला 174 किलोवॉट पुरतात, म्हणजे बरोबर पाचवा हिस्सा. शिवाय एका जुन्या चॅनेलच्या जागेत आता डझनभर चॅनेल बसतात.

सहा हजार हमाल

जुन्या टीव्हीवर सिग्नल क्षीण झाला की आधी मुंग्या यायच्या, मग चित्र फिकं पडायचं, मग फक्त आवाज उरायचा. तरीही मॅच ‘दिसायची’, कारण धावसंख्या ऐकू यायची आणि खेळाडू सावलीवरून ओळखता यायचा. त्या मुंग्यांतला सुमारे एक टक्का भाग विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या किरणोत्सर्गाचा असतो, असं खगोलशास्त्रज्ञ सांगतात. 1964 साली अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन यांच्या अँटेनात तीच खरखर शिरली. आधी त्यांनी कबुतरांच्या विष्ठेवर संशय घेतला. पुढे 1978 साली त्याच खरखरीने त्यांना नोबेल मिळवून दिलं.

डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत, इथे थेट कडेलोट होतो. सिग्नल कमी होत जातो आणि चित्र शेवटपर्यंत लख्ख राहतं, कारण चुका दुरुस्त करणारं गणित मागे खपत असतं. मग एका मर्यादेपाशी ते गणित हरतं. चेहऱ्यांचे चौकोन होतात, आवाज टकटक तुटतो आणि पडदा काळा होतो. मधली पायरी जवळजवळ नाहीच. म्हणून काल रात्रीपर्यंत झकास दिसणारा टीव्ही आज सकाळी ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि घरातलं प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने बघतं.

आता यातली सर्वात सुंदर युक्ती. युरोपच्या डीव्हीबी-टी पद्धतीत चॅनेलची सगळी माहिती एकाच लहरीवर लादत नाहीत. एका हमालाच्या डोक्यावर पोतं देण्याऐवजी हजारो जणांच्या हातात एकेक मूठ धान्य द्यावं, तसं ते आहे. एका नेहमीच्या मांडणीत अशा 6,817 उपलहरी असतात. प्रत्येक जण सावकाश चालतो, त्यामुळे उशिरा पोचलेल्याची वाट बघायला वेळ मिळतो. उंच इमारतीवर आपटून मागाहून आलेली लहर जुन्या टीव्हीवर भुतासारखी दुसरी प्रतिमा उमटवायची. वार्ताहराच्या उजव्या कानाशेजारी त्याचाच फिका दुसरा चेहरा दिसायचा. डिजिटलमध्ये दोन संदेशांच्या मधे थोडा विराम ठेवतात. त्या विरामात पोचलेला प्रतिध्वनी त्रास देत नाही, उलट मूळ लहरीला हातभार लावतो. सर्वात मोठा विराम घेतला तर तो 224 मायक्रोसेकंदांचा असतो, आणि तेवढ्या वेळात रेडिओलहर सुमारे 67 किलोमीटर जाते. म्हणून शेजारशेजारचे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर तोच कार्यक्रम सोडू शकतात. जुन्या काळी असं केलं असतं तर पडद्यावर नुसता गोंधळ माजला असता.

हवा छान आहे, म्हणून टीव्ही बंद आहे

आपल्याला सवय आहे पावसात डिश जाण्याची. टॉवरवरच्या टीव्हीचं बरोबर उलटं असतं, त्याला छान हवा बाधते. हवेचा दाब जास्त, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की कधी कधी थंड हवेवर उबदार हवेचा थर बसतो. एरवी क्षितिजापाशी सुटून जाणाऱ्या लहरी या थराखाली अडकतात आणि शेकडो किलोमीटर घरंगळत जातात. मग फ्रान्स किंवा हॉलंडचा टॉवर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या घरात पाहुणा येतो आणि घरच्या सिग्नलला गप्प करतो. अशा वेळी ब्रिटनमध्ये प्रेक्षकांना अधिकृत सल्ला मिळतो, की टीव्ही पुन्हा ट्यून करू नका. घाबरून ट्यून केलंत तर संच त्या क्षणी न सापडणारे आपले चॅनेल यादीतून पुसून टाकेल. काही न करता बसा, हवा बिघडली की टीव्ही सुधारेल.

झाडांचंही असंच. हिवाळ्यात बसवलेली अँटेना निष्पर्ण फांद्यांतून टॉवर मस्त पाहते. उन्हाळ्यात पालवी फुटते, त्यावर पाऊस पडतो, आणि ओली पानं यूएचएफ लहरी पिऊन टाकतात.

प्रतिवादी : एक इमारत

पूर्व लंडनच्या गोदी भागात 1990 च्या सुमारास कॅनरी व्हार्फचा पोलादी कातडीचा, सुमारे 235 मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. टीव्हीचा टॉवर क्रिस्टल पॅलेसला, म्हणजे नदीच्या पल्याड. मधे मनोरा आला आणि त्याच्या सावलीतल्या घरांतला टीव्ही बिघडला. हे अॅनालॉगच्या काळातलं, पण प्रश्न आजही तोच आहे. शेकडो रहिवाशांनी दावा लावला, की आमच्या घराच्या उपभोगात अडथळा आला, भरपाई द्या.

प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1997 साली निकाल लागला आणि रहिवासी हरले. न्यायमूर्तींनी आधार घेतला 1610 सालच्या एका खटल्याचा. शेजाऱ्याने बांधकाम केल्यामुळे तुमच्या खिडकीतला देखावा गेला तर कायदा तुमच्या मदतीला येत नाही, असं तेव्हा ठरलं होतं. देखाव्याचा हक्क नाही, तर टीव्हीच्या लहरींचा कुठून असणार? उजेडाचा हक्क वहिवाटीने मिळू शकतो, मालिकांचा नाही. तोवर बीबीसीने 1991 मध्येच त्या सावलीत एक छोटा रिले प्रक्षेपक बसवून बहुतेकांची सोय केली होती. कायदा चारशे वर्षं मागे गेला आणि इंजिनिअर शिडी घेऊन वर चढला, असा हा प्रकार. मला निकाल पटतो, पण त्या वेळी मी तिथे राहत असतो तर पटला नसता.

पाच लाख घरं, एक खांब

10 ऑगस्ट 2021 रोजी नॉर्थ यॉर्क मूर्समधल्या बिल्सडेल इथल्या 314 मीटरच्या खांबाला आग लागली. पाच लाखांहून जास्त घरांतला टीव्ही गेला. रेडिओही गेला. बरं, 1969 सारखं चार दिवसांत आवरलं का? नाही. तात्पुरता 80 मीटरचा खांब उभारायला जागा हवी होती, आणि तिथवर जाण्याच्या वाटेवरून वाद उभा राहिला. जुना खांब ऑक्टोबरमध्ये स्फोटकांनी पाडला आणि कायमचा नवा, 300 मीटरचा, 2023 मध्ये कामाला लागला. तोपर्यंत लोकांनी अँटेना दुसऱ्या टॉवरकडे फिरवल्या. त्यामुळे काहींना संध्याकाळी दुसऱ्याच प्रांताच्या बातम्या दिसू लागल्या. सगळ्या चॅनेलांवर जगाच्या बातम्या मिळतात, पण आपल्या गावच्या नदीला पूर आलाय का, हे सांगणारा टॉवर एकच असतो.

नेदरलँड्सचा विक्रम याहून विचित्र. 15 जुलै 2011 या एकाच दिवशी त्या छोट्या देशात दोन टॉवरांना आगी लागल्या, आयसलस्टाइनच्या आणि स्मिल्डेच्या. स्मिल्डेचा वरचा खांब जळत जळत कोसळला. आयसलस्टाइनचा वाचला, आणि नाताळात त्याच्या ताणतारांवर दिव्यांच्या माळा चढतात. डच लोक त्याला जगातलं सर्वात मोठं ख्रिसमस ट्री म्हणतात.

माकड, यंत्रमानव आणि थोडी पळापळ

ब्रिटनमधली डिजिटल टॉवर-सेवा आधी पैसे घेऊन पाहायची होती. नोव्हेंबर 1998 मध्ये ‘ऑनडिजिटल’ नावाने ती सुरू झाली. नंतर तिची जाहिरात करायला लोकरीचं विणलेलं माकड आणलं. कंपनी 2002 मध्ये बुडाली, माकड तगलं, आणि पुढे एका चहाच्या ब्रँडच्या जाहिरातीत नोकरीला लागलं. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला विनाशुल्क ‘फ्रीव्ह्यू’ सुरू झालं आणि तेच टिकलं.

अॅनालॉग बंद करायची सुरुवात कंब्रियातल्या व्हाइटहेवन या बंदराच्या गावापासून झाली. 17 ऑक्टोबर 2007 च्या पहाटे तिथला बीबीसी टू गेला आणि चार आठवड्यांनी बाकीचे चॅनेल. सुमारे पंचवीस हजार घरं. देशाला समजावून सांगायला ‘डिजिट अल’ नावाचा गुलाबी यंत्रमानव ठेवला होता. शेवटचा नंबर उत्तर आयर्लंडचा, ऑक्टोबर 2012 मध्ये. जपानने 24 जुलै 2011 ही तारीख ठरवली होती, पण मार्चमधल्या भूकंप आणि त्सुनामीनंतर इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना पुढच्या मार्चपर्यंत सवलत दिली. बर्लिनने या सगळ्यांच्या आधी, ऑगस्ट 2003 मध्येच, अॅनालॉगला निरोप दिला होता. स्वित्झर्लंड तर दोन पावलं पुढे गेलं. 2019 च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी वाहिन्यांनी टॉवरवरचा डिजिटल टीव्हीही बंद केला, कारण फारच थोडी घरं तो पाहत होती.

या गडबडीत घड्याळ मेलं. डिजिटल चित्र आधी आकुंचित होतं आणि घरी येऊन उलगडतं, त्यात काही सेकंद जातात आणि ते प्रत्येक संचावर वेगळे असतात. म्हणून जपानच्या एनएचकेने पडद्यावरचं सेकंदकाट्याचं घड्याळ काढून टाकलं. इंग्लंडात नववर्षाचे बिग बेनचे टोले टीव्हीवर ऐकून जो ग्लास उंचावतो, तो शास्त्रशुद्धपणे उशीर करत असतो.

आणि लहरी दोन्ही दिशांनी जातात बरं का. 2004 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये एका घरातला सपाट पडद्याचा टीव्ही बिघडून 121.5 मेगाहर्ट्झवर, म्हणजे विमानं आणि जहाजांच्या संकटकाळच्या फ्रिक्वेन्सीवर, लहरी सोडू लागला. उपग्रहाने ती हाक ऐकली आणि बचावपथक दारात उभं राहिलं. घरात संकट काही नव्हतं, टीव्ही चालू होता. वेल्समधल्या अबरहोसान गावात दीड वर्ष रोज सकाळी सातला ब्रॉडबँड मरायचं. 2020 मध्ये कारण सापडलं : कुणीतरी एक जुना टीव्ही रोज त्या वेळी लावत असे.

सिंगापुरात सापडलेली वही

छपरावरची ती काड्यांची अँटेना जपानी आहे. 1926 च्या सुमारास सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी ती विकसित केली, त्यांचे वरिष्ठ होते हिदेत्सुगु यागी. इंग्रजीतून जगाला सांगितलं यागींनी, म्हणून नाव बहुतेक त्यांचंच चिकटलं. (विद्यापीठात काम कुणाचं आणि नाव कुणाचं, हा विषय आपल्याला नवा नाही.) जपानी लष्कराला मात्र त्यात फारसा रस वाटला नाही. 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांना ब्रिटिशांच्या रडारच्या टिपणांची एक वही मिळाली. तीत ‘यागी’ हा शब्द वारंवार येत होता, आणि हे कोणतं ब्रिटिश गुपित ते त्यांना उलगडेना. शेवटी एका युद्धकैद्याने सांगितलं, की हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे.

वरळी, सिंहगड, म्हैसमाळ

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुण्याला ते 1973 पासून सिंहगडावरच्या रिले केंद्रातून दिसू लागलं. पिठलं-भाकरी खाऊन गडावर फिरताना तो मनोरा लागतोच. तेव्हाच्या अँटेना एवढ्या अजस्र का होत्या? काडीची लांबी लहरीच्या अर्ध्या लांबीएवढी लागते. साठेक मेगाहर्ट्झच्या चॅनेलला ती अडीच मीटरच्या आसपास भरते, आजच्या यूएचएफला फूटभर पुरते. संक्रांतीच्या पतंगांची तेवढीच सोय गेली.

ब्रिटनने डिसेंबर 2009 मध्ये डीव्हीबी-टी2 ही सुधारित पद्धत जगात प्रथम लोकांसाठी खुली केली. 27 हजारांहून जास्त उपलहरी आणि जुन्या पद्धतीच्या दीडपटीहून जास्त माहिती, असं तिचं काम. तीच पद्धत दूरदर्शनने उचलली. 25 फेब्रुवारी 2016 रोजी देशातल्या सोळा शहरांत ती सुरू झाल्याचं जाहीर झालं. त्यांत महाराष्ट्रातली दोन : मुंबई, जिथे वरळीचा तीनशे मीटरचा टॉवर आहे, आणि तेव्हाचं औरंगाबाद, ज्याचा प्रक्षेपक म्हैसमाळच्या डोंगरावर आहे. मोबाइलला छोटा डोंगल लावा आणि डेटा न जाळता पाच चॅनेल बघा, अशी ती योजना. आपल्या ओळखीत असा डोंगल कुणी वापरलाय का, विचारून बघा. तंत्र उत्तम, पण संच आणि डोंगल दुकानात सहज मिळाले नाहीत तर टॉवरने कुणासाठी बोलायचं? पुढच्या काही वर्षांत दूरदर्शनची 2004 पासूनची मोफत डिश मात्र चार कोटींहून जास्त घरांवर पोचली. 2022 च्या मार्चपर्यंत सीमाभागातले सुमारे पन्नास सोडून बाकी अॅनालॉग प्रक्षेपक बंद करायचं ठरलं. आता इंटरनेटशिवाय थेट फोनवर चित्र पोचवण्याच्या चाचण्या प्रसार भारती आणि कानपूरच्या आयआयटीने केल्या आहेत. या वेळी पद्धत युरोपची नाही, अमेरिकेची आहे. डोंगलची गरज उरू नये, म्हणून चिप फोनमध्येच बसवायची, असा बेत आहे. फोन कंपन्यांना तो अजून तितकासा रुचलेला नाही.

ब्रिटनच्या त्या परवान्याचंही सांगून टाकतो. 2024-25 मध्ये रंगीत टीव्हीचा वार्षिक परवाना 169.50 पौंडांचा होता आणि कृष्णधवलचा 57 पौंडांचा. अॅनालॉग 2012 मध्येच संपलं, तरी काही हजार घरं कृष्णधवल परवाना भरत आली आहेत. जुन्या संचाला डिजिटल डबा जोडून काळंपांढरं बघितलं तर चालतं. पण त्या डब्याला कार्यक्रम रेकॉर्ड करता येत असतील तर रंगीत परवाना काढावा लागतो, कारण पडदा काळापांढरा असला तरी डबा रंगीतच साठवतो.